नकाशाचे मास्तर आणि तापीचा काठ

विद्यापीठात भूस्थानिक तंत्रज्ञान शिकवणारा माणूस नेमके शिकवतो तरी काय, असे मला साहित्यातले मित्र नेहमी विचारतात. मी या विषयाची पदवी घेतलेली नाही. प्राध्यापकांची व्याख्याने मागच्या बाकावर बसून ऐकली, आणि फुकट मिणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर घरी चालवत बाकीचे शिकलो. तरी या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी दूर जात नाही. मला प्रकाशा पुरते.

शहादा तालुक्यातले हे गाव तापी आणि गोमाईच्या संगमावर वसले आहे. दक्षिण काशी म्हणून भाविक येतात, केदारेश्वराचे दर्शन घेतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीत उत्खनन केले. सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती, तिच्यात माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत खापरे, आणि वरच्या थरांत लोखंड, असा क्रम त्यांना मिळाला.

आता ही पांढर संगणकाच्या नकाशावर ठेवायची आहे असे समजा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा घ्यावा लागतो. त्याचा क्रमांकच एक पत्ता असतो. ४६ क्रमांकाच्या चौकटीत २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश एवढा मुलूख येतो. तिचे सोळा भाग पाडले की ‘के’ या भागात प्रकाशा सापडते. इथवर सोपे आहे. पण जुने नकाशे ‘एव्हरेस्ट १८३०’ नावाच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका मानीव मापावर बेतलेले आहेत. त्या मापामागे विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय मोजणीची परंपरा आहे. (हा लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारला, हे वर्ध्याबाहेर फारसे कुणाला माहीत नसते.) हातातल्या मोबाइलचा जीपीएस मात्र ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे निराळे माप मानतो. एकच अक्षांश-रेखांश दोन्ही मापांवर टाकले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. नदीकाठच्या पांढरीला शंभर मीटर म्हणजे थट्टा नाही. वस्ती पात्रात जाऊन पडते! चांगला शिक्षक हा फरक पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हातून करवून घेतो. वाईट शिक्षक बटण कुठे आहे तेवढे दाखवतो.

दुसरा धडा पाण्याचा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यामुळे ‘नदीने काठ किती खाल्ला’ हा विषय प्रबंधांत आवडता झाला आहे. दोन वर्षांची दोन चित्रे घ्यायची, पाण्याची कड आखायची, फरक मोजायचा. पण तापी आता मोकळी नाही. खाली गुजरातेत उकाईचे धरण १९७२ पासून आहे, इकडे प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज आहेत. दरवाजे बंद असले की पाणी काठोकाठ फुगते, उघडले की वाळू उघडी पडते. म्हणजे चित्रातली कड कित्येकदा दरवाजांची असते, धूप झालेल्या दरडीची नसते. हे संगणक सांगत नाही. त्यासाठी काठावर जावे लागते, कोळ्याला विचारावे लागते, बॅरेजच्या नोंदी मागाव्या लागतात. तापी-नर्मदेच्या पुरांवर पुणे विद्यापीठाच्या विश्वास काळे यांनी जे काम केले, त्याचे वजन मला यातच दिसते. पुराने सोडलेला गाळ त्यांनी पात्रात उतरून पाहिला होता.

पण खरी कसोटी नदीवर लागत नाही, ती उत्तरेला सातपुड्यात लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी कुटुंबाला कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क चार हेक्टरपर्यंत मागता येतो; अट अशी की ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. साहजिकच त्या सुमाराच्या उपग्रहचित्राला साक्षीदाराचे मोल आले. आता या साक्षीदाराची नजर तपासू. भारताच्या लिस-३ या कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. एक एकराच्या तुकड्यात असे सातच ठिपके बसतात, आणि कडेच्या ठिपक्यांत निम्मे शेत, निम्मे रान मिसळलेले असते. त्यात डिसेंबर म्हणजे खरीप निघून गेलेला. डोंगरउतारावरचे मोकळे शेत माळासारखेच दिसते. शेताच्या मधोमध मोह राखलेला असतो, तो वरून जंगल म्हणून मोजला जातो. अशा चित्रावर ‘शेती दिसत नाही’ असा शेरा मारणे म्हणजे अधू दृष्टीच्या माणसाला ‘अंगणात कोणी होते का’ विचारून त्याच्या नकारावर निकाल देणे आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांच्या जागी येणार नाही, असे स्पष्ट झाले. ज्येष्ठांचा जबाब, जुने बांध, देवस्थाने यांना म्हणून जागा राहिली.

हा नियम समजायला वकील लागतो, आणि त्यामागचे कारण समजवायला भूगोलाचा मास्तर. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुले जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी अशा दाव्याचे कागद असणार. त्यांना ठिपक्याचा आकार कळणे ही नुसती परीक्षेची गोष्ट नाही. पण अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या येतात, प्रात्यक्षिकाला परदेशातल्या कुठल्यातरी शहराचा तयार नमुना येतो. शिकवण्याची भाषा इंग्रजी, आणि मुलगा जिला ‘बरडी’ म्हणतो तिला कोष्टकात ‘पडीक’ असे नाव.

मी ज्यांच्याकडून शिकलो त्या एका प्राध्यापकांची रीत निराळी होती. ते पहिल्या दिवशी संगणक बंदच ठेवत. प्रत्येकाला आपल्या शेताचा नकाशा कागदावर हाताने काढायला लावत. विहीर, बांध, वाट, झाडे. मग त्याच शेताचे उपग्रहचित्र शेजारी ठेवायचे, आणि कागदावरचे काय काय चित्रात सापडत नाही त्याची यादी करायची. ती यादी ते वर्षभर फळ्याच्या कोपऱ्यात पुसू देत नसत.