तडकलेली हॉकी स्टिक : दुरुस्ती की नवी खरेदी?

ज्या तालुक्यातील आसू गावाने वैष्णवी फाळके हिच्यासारखी खेळाडू भारतीय हॉकीस दिली, त्या आमच्या फलटणात, ऐन मोसमात मुलीची स्टिक तडकली म्हणजे ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी, असा पेच पालकांपुढे पडावा हे स्वाभाविकच आहे. मुठीवरील ग्रिप सुटणे किंवा वरचा रंग उडणे ही किरकोळ बाब. तुतीच्या लाकडाच्या जुन्या स्टिकला बारीक चीर गेली असल्यास, एपॉक्सी भरून, घट्ट आवळून व वर टेप गुंडाळून ती सरावापुरती वापरण्यास हरकत नाही. सामन्यात मात्र टेपसकट ती ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे आणि वजन ७३७ ग्रॅमहून अधिक भरता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

कार्बन व काचतंतूंच्या स्टिकचे प्रकरण निराळे. दांड्यावरून अंगठ्याचे नख फिरविता जी आडवी भेग नखाला अडते, तिच्याखाली तंतूंची सलगता बहुधा भंगलेली असते. आणि मग वरून कितीही सफाईदार लेप दिला, तरी जोराच्या फटक्यासरशी दांडा त्याच जागी मोडून त्याची अणकुचीदार धस शेजारच्या खेळाडूस लागण्याचा संभव राहतो. अशी स्टिक बिनदिक्कत मोडीत काढावी. धाकट्या भावंडाच्या हाती सरावासाठीसुद्धा देऊ नये.