आडनाव विचारले जाते तेव्हा

वादी अदाईतील एखाद्या मराठी घरी पहिल्याच भेटीत ‘आपले आडनाव?’ असा प्रश्न येतो आणि छाती धडधडू लागते. पदवी, नोकरी, परदेश, काहीही तेव्हा आधाराला येत नाही. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव परिचित असेल.

अशा वेळी मला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आठवतात. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्याच १९१३ साली त्यांचा जन्म झाला. १९४७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. बालपणीचे कित्येक महिने त्यांनी रुग्णालयात एकाकी काढले. स्वभाव कमालीचा बुजरा. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात त्यांनी सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून संवाद साधला. मैत्री कोणाशीच जुळली नाही, भीती मात्र ओसरली.

१९५५ पासून त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला समज उभा असतो, हे तिचे सूत्र. आडनाव विचारणे ही घटना. ‘समोरच्याने हीन लेखले, तर मी हीन ठरेन’ हा समज. तो विवेकाने तपासायचा आणि भीतीला प्रत्यक्ष सामोरे जायचे.

याचा अर्थ जातिभेद हा मनाचा खेळ आहे, असा नव्हे. तो अन्यायच आहे आणि त्याविरुद्धचा संघर्ष अटळ आहे. जुना आघात झोप उडवत असेल, तर तज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र स्वतःचे मूल्य अन्याय करणाऱ्याच्या हाती का सोपवावे?

गेल्या शुक्रवारी मी आडनाव सांगितले. छाती धडधडली, आवाज स्थिर होता.