कठाणीच्या वरच्या अंगाला

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर लेखा येतं आणि त्याला लागूनच मेंढा. शंभरेक घरं, सारी गोंडांची. जवळून कठाणी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. पाणलोटाचं काम म्हटलं की आपल्याला राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आठवतात. समतल चर, नाला बांध, श्रमदान. तिकडे पाऊस तुटपुंजा आणि डोंगर बोडके होते. इकडे झाडीपट्टीत तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगरावर जंगल उभं आहे. इथे पाणलोट वाचवायचा म्हणजे जे उभं आहे ते राखायचं. पण ते कोणाच्या शब्दाने राखायचं, हे आधी ठरावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पाण्याच्या कामाचं मूळ या प्रश्नात आहे, असं माझं ठाम मत आहे.

1984 च्या सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन धरणं येऊ घातली होती. त्यांत जंगल आणि गावं बुडणार होती. बाबा आमटे, लालश्याम शहा महाराज यांच्या पुढाकाराने ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ आंदोलन उभं राहिलं आणि दोन्ही प्रकल्प मागे पडले. त्या चळवळीत मेंढ्याचे देवाजी तोफा होते. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल पुढे याच गावाशी जोडले गेले. धरणं थांबली, पण आपलं जंगल आपण कसं सांभाळणार, हा प्रश्न तसाच होता. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यातून आली. घोषणेहून मोलाची गोष्ट म्हणजे ग्रामसभेची रीत. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. आणि घेण्याआधी अभ्यासगटात बसून त्याचा कीस पाडायचा. जंगलाला आग लावायची नाही, नदीत विष कालवून मासे मारायचे नाहीत, बाहेरच्याने ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलात हात घालायचा नाही, हे नियम असे ठरले.

यातला आगीचा नियम पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. मार्च-एप्रिलमध्ये सागाची, ऐनाची पानं गळून जमिनीवर थर साचतो. वणवा गेला की तासाभरात तो थर राख होतो. मग मृगाचा पहिला सडाका उघड्या मातीवर आदळतो, वरची माती घट्ट बसते आणि पाणी आत मुरायचं सोडून राखेसकट नाल्याला लागतं. नाल्यातले डोह गाळाने भरतात, म्हणजे उन्हाळ्यात जनावरांना प्यायला आणि मासळीला जगायला जागा उरत नाही. पाचोळा राहिला तर तोच पाऊस थांबून थांबून उतरतो. बांबूचंही तसंच. बेटाखालचे कंद उतारावरची माती धरून ठेवतात. पावसाळ्यात वास्ते म्हणजे कोवळे कोंब निघतात, ते सगळे खुडले आणि जुन्याबरोबर कोवळे बांबूही तोडले, तर बेट मरतं आणि उतार सुटतो. कागद कारखान्याला दिलेल्या बांबूतोडीला मेंढ्याने विरोध केला, त्यामागे रोजीबरोबर ही जाणही होती.

2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे 1,800 हेक्टर. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना सामाईक संसाधनांवरच्या अभ्यासासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोक आपसांत नियम करून सामाईक संपत्ती टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं घेऊन मांडलं होतं. कागदावर हक्क आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. बांबूच्या मिळकतीची बातमी सर्वत्र गाजली. वनहक्क कायद्याचं कलम 5 मात्र फारसं कोणी वाचलं नाही. लगतचं पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखण्याचं काम ते हक्कधारकांकडे आणि ग्रामसभेकडे सोपवतं. पाणलोटासाठी इतका थेट अधिकार गावाला याआधी कुठल्या योजनेने दिल्याचं मला आठवत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने या अधिकाराचा कस लावला. 2012 मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला आणि गावाने तेंदूपानं तोडणं बंद केलं. हे सोपं नव्हतं. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून उन्हाळ्यात रोख पैसा घरात येतो. पावसाळ्याआधीचं बियाणं, लग्नकार्य त्यावर निभतं. पण कोवळं पान फुटावं म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. गावाने हिशेब मांडला आणि मिळकत बांबूवर आणली. हातचा पैसा सोडून जंगल राखणाऱ्या या गावाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

झाडीपट्टीत पाण्याची जुनी व्यवस्थाही होती. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि शेतातल्या बोड्या यांवर इथलं धान उभं राहिलं. वर जंगल, खाली पाळ, पाळीखाली बांध्या, अशी ती एकसलग रचना. हे सारं मालगुजारांच्या ताब्यात होतं; ती मालगुजारी संपुष्टात आणणारा कायदा 1950 चा. त्यानंतर जंगल वनखात्याकडे गेलं, तलाव पाटबंधारे खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, आणि शेतकरी बांधीत उरला. तलावात गाळ साचला, बेशरमीची झुडपं माजली; पण गाळ वरून का येतोय, हे पाहणं कोणाच्याच कामात बसेना. म्हणूनच तलावातला गाळ काढण्याच्या योजनेत वरच्या ग्रामसभेला आधी बोलवायला हवं.

एका गावाच्या हातात मात्र सगळी नदी नसते. वैनगंगेवर वर गोसीखुर्द धरण आहे. खाली गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं पाणी सिरोंच्यातल्या शेतांत चढलं होतं. एटापल्लीत सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. अशा वेळी एकट्या ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली, ती यासाठी मला महत्त्वाची वाटते. वनोपजाच्या लिलावात त्या एकत्र बोलतात आणि झेंडेपारच्या खाणीलाही त्यांनी एकत्रच विरोध केला. गडचिरोलीत आज हजारावर गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. एकाच नाल्यावरच्या गावांनी माथ्यापासून संगमापर्यंत मिळून आराखडा करावा, जाळरेषा एकाच आठवड्यात काढाव्यात, वरच्या गावाने बांबू तोडण्याआधी खालच्याला सांगावं. कायद्याने अडवलेलं यात काही नाही. नाल्यावरच्या ग्रामसभांची पहिली बैठक बोलवायला तालुक्याच्या परवानगीचीही गरज नाही.