ईदच्या आधीची रंगसफेदी

रमजानचा दुसरा अशरा लागला की मुस्लिम मोहल्ल्यांतल्या हार्डवेअरच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. अशरा म्हणजे दहा दिवस. पहिले दहा दिवस रोजे, तरावीह आणि बदललेली झोप यांच्याशी जुळवून घेण्यात जातात. शेवटचे दहा कपडे, शेवया, सुकामेवा आणि फित्रा यांत निघून जातात. मधल्या दहा दिवसांत घराकडे लक्ष जाते. रजया उन्हात पडतात, पितळेची भांडी खाली उतरतात आणि ज्या घराला त्या वर्षी जमणार असेल तिथे रंग काढायचे ठरते. दुकानाच्या काउंटरवर शेडकार्ड उघडलेले असते, मागे चार गिऱ्हाइके उभी असतात आणि अब्बा एका चौकोनावर बोट ठेवून म्हणतात, "हा द्या." ज्या भिंतींत पुढची पाच-सात वर्षे काढायची, त्यांचा रंग दोन मिनिटांत ठरतो, तोही दुकानातल्या उजेडात.

घरी रंग लागला की तक्रार सुरू होते. कार्डावर तर बदामी होता, भिंतीवर मातकट कसा झाला? दुकानदाराने फसवलेले नसते. कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो आणि त्याच्या भोवती पांढरा कागद असतो. घरात तोच रंग चार भिंतींवर बसतो, एका भिंतीचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो आणि तो आणखी गडद वाटू लागतो. म्हणून जुने रंगारी सांगतात की कार्डावर जो आवडला, त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्या. सल्ला अगदी खरा आहे, पण तेवढ्याने भागत नाही. प्रश्न घरातल्या उजेडाचा असतो, आणि तो उजेड दुकानात नेता येत नाही.

त्या दृष्टीने रमजान हा रंग निवडायला फार चांगला महिना आहे. एरवी घर सकाळी सातला उठते आणि रात्री अकराला झोपते. रमजानमध्ये ते पहाटे चारला ट्यूबलाइटखाली जागे असते, दुपारी खिडकीच्या उन्हात सुस्तावलेले असते, असरनंतर तिरप्या किरणांत स्वयंपाकाला लागते आणि मगरिबला, दिवे लागण्याच्या त्या संधिकाळात, सगळे एका दस्तरख्वानाभोवती येऊन बसतात. दिवसाच्या चारही उजेडांत माणसे जागी असतात. तेव्हा रंगाचा सर्वांत लहान डबा आणावा, दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, पूर्ण सुकू द्यावा आणि तो पुठ्ठा दोन-तीन दिवस वेगवेगळ्या भिंतींना टेकवून ठेवावा. थेट भिंतीवर पट्टा मारला तर शेजारचा जुना रंग डोळ्यांत घुसतो. पुठ्ठा बरा.

सहरीला जो मोतिया छान वाटला, तो इफ्तारच्या वेळी मळकट दिसू शकतो. दिव्याच्या प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. २७०० केल्व्हिनचा दिवा पिवळसर, ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा. हा आकडा एलईडीच्या खोक्यावर छापलेला असतो, पण तो फारसे कोणी वाचत नाही. निळसर दिव्याखाली बदामी, पिस्ता हे रंग फिके आणि उदास होतात. पिवळ्या दिव्याखाली आस्मानी हिरवटाकडे झुकतो. भिंत रंगवायला हजारो रुपये आणि दोन दिव्यांना दोन-तीनशे, असा हिशेब असेल तर आधी दिवे बदलून पाहावेत. कधी कधी रंगाची गरजच उरत नाही.

दुसरी एक अडचण खास रमजानची. रंगकाम करणाऱ्यांत रोजेदार पुष्कळ असतात. भर दुपारी शिडीवर चढून, कोरड्या घशाने छत घासणे सोपे नसते, म्हणून अनेक जण तरावीहनंतर, रात्री हॅलोजन लावून काम करतात. कामाचे तास त्यांच्या सोयीचे असावेत, हे रास्तच आहे. मात्र रंग पसंत करायचा तो हॅलोजनखाली नव्हे. "थोडा पिवळा टाकू का?" असे मिस्त्रीने रात्री एकला विचारले तर सकाळपर्यंत थांबा म्हणावे.

या निवडीत बहुतेक वेळा एका माणसाला विचारायचे राहून जाते. खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण असते? अब्बा कारखान्यात किंवा दुकानात, मुले शाळेत, सून स्वयंपाकघरात. बाजेवर दिवसभर दादी असते. तिचे मत म्हणजे "तुम्हाला आवडेल ते लावा", असे गृहीत धरलेले असते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. फिका आस्मानी आणि फिका राखाडी यांतला फरक नातवाला स्पष्ट दिसतो, तिला दिसत नाही. मोतीबिंदू काढल्यावर उलटे होते. निळा एकदम झगझगीत दिसू लागतो. आणि ज्या घरात भिंत, चौकट, उंबरा, स्विचबोर्ड सगळे एकाच ऑफ-व्हाइटमध्ये न्हाऊन निघालेले असते, तिथे रात्री वजूला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोरीची पायरी कुठे संपते ते कळत नाही. पडून खुब्याचे हाड मोडले की रंगाचा सगळा थाट बाजूला राहतो. चौकटीला आणि पायरीच्या कडेला भिंतीहून ठळक वेगळा रंग द्यायला पाव लिटर ऑइलपेंट पुरतो. पुठ्ठा दाखवून दादीला विचारलेच, तर तीही नीट सांगते, "रातकू चुभता बेटा." रात्री डोळ्यांना टोचतो. एवढे ऐकले तरी पुरे.

घर आणि रंग यांवरच्या लेखांतून सल्ला असतो की शयनकक्षाला थंड रंग, स्वयंपाकघराला उबदार, अभ्यासिकेला हिरवट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग वस्त्यांत कितीतरी कुटुंबांना तेवढीही जागा नसते. एकच खोली सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिलाईची जागा, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री शयनकक्ष. तिथे खोलीगणिक रंग ही भाषाच चालत नाही. तिथे भिंतीगणिक विचार करावा लागतो, आणि तो करता येतो. खिडकीसमोरची भिंत सर्वांत फिकी ठेवावी, कारण तीच उजेड परत फेकते. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत करते. गडद हिरवी किंवा निळी जेमतेम १०-१५ टक्के. एका खिडकीच्या खोलीत हा फरक म्हणजे दिवसा दिवा लावायचा की नाही, इतका मोठा. गडद रंगाची हौस असेल तर ती खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर भागवावी. त्या भिंतीवर उजेड तसाही कमीच पडतो.

जमिनीवर दस्तरख्वान अंथरून जेवणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट असते. माणसे भिंतीला पाठ टेकून बसतात. वर्षभरात त्या भिंतीवर पाठीचे आणि तेल लावलेल्या डोक्यांचे ठसे रांगेने उमटतात. घरात किती माणसे आहेत ते मोजून घ्यावे. तिथे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांपर्यंत धुता येणारा रंग, वर साधा, आणि मध्ये बोटभर पट्टी, ही जुन्या घरांतली रीत आजही शहाणपणाची आहे. नमाजची जागा ठरलेली असेल तर समोरची भिंत साधी ठेवतात. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कललेली. नमाजमध्ये लक्ष विचलित करणारा नक्षीचा पडदा काढायला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. आजकालच्या चकचकीत टेक्श्चर भिंतींना तीच गोष्ट लागू पडावी. हीच पश्चिमेची भिंत बाहेरची असेल तर उन्हाळ्यात दुपारनंतर तापते. तिला आतून शेंदरी, गर्द पिवळा देऊ नये, फिका पिस्ता किंवा आस्मानी बरा.

हिरव्याबद्दलही सांगायला हवे. मुसलमानाचे घर म्हणजे हिरवे, असा समज बाहेरच्यांत आहे आणि घरातल्यांनीही तो थोडाफार मान्य करून टाकलेला आहे. घराला हिरवा लावा असा धर्माचा कुठलाही हुकूम नाही. कपड्यांच्या बाबतीत तर पांढऱ्याची शिफारस आहे. आणि हिरवा ऑइलपेंट मारलेली माजघरे मराठवाड्यातल्या हिंदू घरांतही आढळतात. आवडतो म्हणून जरूर लावावा, ओळख म्हणून लावायचे कारण नाही. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहावा. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधले बरेचसे काम चुन्याच्या गिलाव्याचे, आणि दुरून सगळे एकच पांढरे दिसते.

चुन्याचीच सफेदी मागच्या पिढीपर्यंत घरोघरी होती. कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, गाळायचा, त्यात डिंक किंवा मीठ आणि चिमूटभर नीळ. चुन्याची पिवळी झाक निळ्याने मारली जाते आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी ती अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनायची आणि सोन्याच्या तोलाची असायची. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ती कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे गरिबाच्या पिंपात पोचली. चुना कपड्यांना लागतो हे खरे, पण जुन्या माती-दगडाच्या भिंतीला त्यातून श्वास घेता येतो. अशा भिंतीवर प्लास्टिक इमल्शन चढवले की आतली ओल अडकते, लोणा फुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात. तिथे महागडा रंग म्हणजे वाया गेलेले पैसे.

पावसाळ्यावरून आठवण होते ती हिजरी पंचांगाची. दिवाळीची रंगसफेदी दरवर्षी पाऊस संपल्यावर येते, भिंती सुकलेल्या असतात. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१३ ते २०१६ या काळात ईद जुलै-ऑगस्टमध्ये पडली. त्या वर्षांत ज्यांनी हौसेने ओल्या भिंतींवर रंग चढवला त्यांना तो लवकरच खरवडावा लागला. २०२५ मध्ये ईद मार्चच्या अखेरीस आली. पुढची काही वर्षे ती हिवाळ्याकडे सरकेल. रंगाला याहून चांगले हवामान नाही. जी घरे कित्येक वर्षे थांबली आहेत त्यांची ही वेळ.

खरवडण्याबाबत मात्र सावध राहायला हवे. जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवर पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर असतात. त्या भडक रंगांत पूर्वी शिसे सर्रास वापरले जाई. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या थरांत ते असू शकते. कोरड्या पॉलिशपेपरने घासले की त्याची धूळ गाद्यांवर, भांड्यांवर, रांगत्या बाळाच्या हातांवर बसते. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि ती भरून निघत नाही. ईदच्या घाईत एकाच खोलीत एका कोपऱ्यात घासकाम आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोपलेली मुले, हे चित्र नवे नाही. थर घट्ट असेल तर छेडूच नये, वरून रंग द्यावा. घासायचेच तर पाणी मारून, ओल्या पेपरने घासावे आणि मुले व गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी असावीत. रंगाऱ्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो. त्याने शिशाची बारीक धूळ अडत नाही, त्याला बरा मास्क आणून देणे मालकाचे काम.

आता शेडकार्डावरची नावे. ती सगळी इंग्रजीत, आणि वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. मराठीपाशी याहून चांगला साठा आहे आणि त्यातला बराच फारसीच्या वाटेने आलेला आहे. गुलाबी, बदामी, आस्मानी, फिरोजी, किरमिजी, धुळीच्या 'खाक'वरून खाकी. रंगसफेदी हा शब्दही असाच जोडून झालेला. त्याच रांगेत अबोली, मोरपंखी, राखाडी आणि तपकिरीवरून तपकिरी. मिस्त्रीला "अबोलीच्या जवळचा" म्हटले तर तो बरोबर समजतो.

हिशेबाचे थोडक्यात. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, दार-खिडकी वजा केली तर सुमारे ४०० चौरस फूट भिंत. एका लिटर इमल्शनमध्ये दोन हात मिळून साधारण ६०-७० चौरस फूट होतात. म्हणजे सहा-सात लिटर, आणि छत वेगळे. सगळा रंग एकदम घ्यावा, कारण नंतर मिसळून आणलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो. भाड्याचे घर असेल तर मालकाला आधी विचारावे. काम अलविदा जुम्याच्या आत उरकावे, म्हणजे पडदे चढेपर्यंत वास निघून जातो.

उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा आणि शेडचा क्रमांक व तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावी. ईदला येणाऱ्या पोरांचे शीरखुर्म्याचे हात कुठे लागतील, हे कोणत्याही कार्डावर छापलेले नसते.