विलायतेंतील विद्यार्थिनी पंडिता रमाबाई

सोलापुराहून आगगाडीनें पुण्यास जातांना दौंडच्या पुढें केडगांव नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. तेथील मुक्तिसदनाचें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकिलें असेल. परंतु तें स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई एके काळीं इंग्लंडांत विद्यार्थिनी होत्या, आणि तेथें श्रद्धेच्या बाबतींत त्यांस आपल्या गुरुजनांशींच वाद करावा लागला, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते. मुलें शिक्षणासाठीं परदेशीं पाठविणाऱ्या आईबापांनीं ती अवश्य जाणावी.

प्रवास रमाबाईंस नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाबरोबर पुराणें सांगत त्या लहानपणापासून तीर्थोतीर्थीं हिंडल्या. दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं. उरलेलीं दोघें भावंडें पायींच हजारों मैल चालून इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचलीं. इतक्या यात्रा घडल्या, त्यांचें फळ हें कीं, तीर्थांवरील त्यांचा विश्वासच उडाला.

१८८३ मध्यें दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या विलायतेस निघाल्या. त्या वेळीं त्यांस वैधव्य येऊन एकच वर्ष झालें होतें. वाटखर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रींतून निघाला. वैद्यक शिकण्याचा हेतु मात्र कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें सोडावा लागला. वांटेज गांवीं सेंट मेरीच्या भगिनीमंडळांत त्या राहिल्या. हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींस मराठी शिकवीत व स्वतः इंग्रजी शिकत. लंडनमधील फुलहॅम येथें पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनीं पाहिल्या. अशा स्त्रियांस कोणी जवळ करतें, याचेंच त्यांस नवल वाटलें. कारण विचारतां एका भगिनीनें विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पुढें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

येथेंच गोष्ट संपली असें पुष्कळ चरित्रकारांस वाटतें. मला तर ती येथें सुरू होते असें वाटतें. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत शिकूं लागल्या व संस्कृत शिकवूंही लागल्या. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें असा विचार निघाला, तेव्हां मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं हरकत घेतली. ज्या बाईनें कलकत्त्यास पंडितांच्या सभेंत बसून ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली, तिला ही आडकाठी कशी रुचावी? शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं, तेव्हां भगिनी जेराल्डिन यांस त्यांत जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरें असत; तीं संस्कृत कां नसावींत, असा रमाबाईंचा प्रश्न होता. लॅटिनला पवित्र मानणें व ब्राह्मणांनीं संस्कृतला पवित्र मानणें यांत अंतर तें काय?

त्याहून मोठा वाद मतांचा होता. त्रैक्य, ख्रिस्ताचा अलौकिक जन्म इत्यादि मतें चर्च सांगतें म्हणून मानावीं, असें जेराल्डिनबाईंचें म्हणणें. रमाबाई उत्तर देत कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, आतां दुसरें घेणार नाहीं; देवानें मला स्वतःची विवेकबुद्धि दिली आहे. कॉलेजच्या मुख्य डोरोथिआ बील यांचें मात्र कौतुक करावेंसें वाटतें. विद्यार्थिनीच्या शंकेस उद्धटपणा न समजतां त्या लांबलांब पत्रें लिहून उत्तरें देत. शिक्षकांनीं हीं पत्रें वाचण्यासारखीं आहेत. सर्व शंका त्यांनीं फिटल्या असें नाहीं.

१८८६ मध्यें रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि परत येतांच ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्म सांपडला, ख्रिस्त मात्र पुष्कळ वर्षांनीं सांपडला, असें त्यांनीं पुढें स्वतःच लिहिलें आहे. इंग्लंडांतील वादांत त्यांची श्रद्धा मोडली नाहीं. ती अपुरी होती एवढेंच.

क्रुसावरील अक्षरांचा तो प्रश्न त्यांनीं मनांतून कधींच काढला नसावा, असा माझा तर्क आहे. उतारवयांत केडगांवीं हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं साऱ्या बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, अगदीं अल्प शिकलेल्या बायकांसही तें वाचतां यावें म्हणून. छपाईचें कामही सदनांतील स्त्रियांनींच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला.