मनोऱ्याचा भार कुणावर?

एक शब्द, अनेक अर्थ : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण ‘गाठ’ सोडवली. आज ‘मनोरा’. अभियंता, गणिती आणि खेळगडी या तिघांच्याही तोंडी हा शब्द असतो आणि तिघांनाही एकावर एक रचलेलं काहीतरी अभिप्रेत असतं. पण त्या रचनेत निर्णायक कोण, तळ की शेंडा, असं विचारलं की तिघांच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी अभियंत्याचा मनोरा. लंडनच्या वायव्येला वेम्बली आहे. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना तिथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा उभारायचा होता. लोक तो बघायला येतील आणि आपल्या गाड्या भरून धावतील, हा त्यांचा हिशोब. १८९० च्या स्पर्धेतून निवडलेल्या आराखड्यात उंची होती सुमारे ३६६ मीटर आणि पाय आठ. खर्च वाचवण्यासाठी आठाचे चार पाय केले. त्यामुळे प्रत्येक पायाखालच्या जमिनीवर येणारा दाब वाढला आणि पाया खचू लागला. १८९६ मध्ये जेमतेम ४७ मीटरचा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला. पैसा आटला, गर्दी जमली नाही, काम तिथेच थांबलं. १९०७ पर्यंत तो पाडूनही झाला. त्याच जागी १९२३ मध्ये वेम्बलीचं प्रसिद्ध स्टेडियम उभं राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला ते पाडून नवं बांधताना वॉटकिनच्या मनोऱ्याचा काँक्रीटचा पाया पुन्हा सापडला. अभियंत्याच्या मनोऱ्यात वरचं सगळं ओझं तळाला पेलावं लागतं. तळ चुकला की शेंड्याचा प्रश्नच उरत नाही.

गणितातला मनोरा घातांकांचा. ३ च्या डोक्यावर ३, त्याच्याही डोक्यावर ३. हा वरून खाली सोडवायचा, असा नियम आहे. आधी वरचे दोन : ३ चा तिसरा घात २७. मग ३ चा सत्ताविसावा घात, म्हणजे ७६,२५,५९,७४,८४,९८७. ही १३ अंकी संख्या. आता तळाच्या ३ ऐवजी ४ ठेवा, उत्तर १७ अंकी होतं. तळ तसाच ठेवून शेंड्याला ४ ठेवा, उत्तर थेट ३९ अंकी! इथे सत्ता शेंड्याची.

तिसरा मनोरा खेळातला. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ बाजारात आणला. तीन खुंट्या आणि लगोरीसारख्या खाली मोठी, वर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. सात चकत्यांना किमान १२७ चाली लागतात. त्यांत सर्वांत वरची ६४ वेळा हलते, सर्वांत खालची फक्त एकदा. एक चकती वाढली की चाली दुपटीहून एकाने अधिक होतात. खेळासोबतच्या कथेत काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्या आहेत. सेकंदाला एक चाल केली तरी त्या हलवायला सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील. इथे तळ जवळजवळ स्थिर असतो, पण त्याची एक चाल साधण्यासाठी बाकी सगळ्यांना आधी बाजूला व्हावं लागतं.

म्हणून एखाद्या शास्त्रातला ओळखीचा शब्द कानावर पडला की त्याच्या चित्रावर समाधान मानू नका. त्या रचनेचा नियम काय आणि भार कुणावर, हे विचारा. अर्थ त्या उत्तरात सापडतो.

पुढच्या आठवड्यात : ‘साखळी’.