नेसरी मावते, गडहिंग्लज मावत नाही

इमॅक्सच्या पोटात : लेखांक ११

शुद्धलेखन तपासणारं जिंक्स हे पॅकेज मराठीसाठी कसं वापरायचं ते या आठवड्यात घेणार होतो. ते आता पुढच्या वेळी. मध्येच चंदगडकडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातली गोम इतकी नामी निघाली की ती अर्ध्या परिच्छेदात उरकायचा धीर होईना.

या गृहस्थांकडे सी भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम आहे. गावाचं नाव द्या, तालुका सांगतो. मागच्या लेखांकांवरून त्यांनी त्याचं इमॅक्समध्ये चढवता येणारं मॉड्यूल बनवलं. जीपीएलचं सक्तीचं चिन्ह घालायला विसरले नाहीत, शेअर्ड लायब्ररी म्हणून कंपाइल केलं, ‘मॉड्यूल-लोड’ने चढवलं, सगळं बिनबोभाट. मग गावं द्यायला सुरुवात केली. नेसरी चाललं. चंदगड चाललं. गडहिंग्लज दिलं तर इमॅक्स म्हणतो ‘आर्ग्ज आउट ऑफ रेंज’. तेच नाव लगेच पुन्हा दिलं तर मुकाट्याने तालुका येतो! मग आजरा दिलं, तेही चाललं. पण त्यानंतर मघाशी चाललेली नेसरी अडली. दुसऱ्यांदा दिल्यावर तीही सुटली. ‘म्हणून आम्ही प्रत्येक गाव दोनदाच देतो,’ असं त्यांनी लिहिलंय. खाली भीतभीत विचारलंय की यात काही धोका आहे का, कारण संध्याकाळपर्यंत इमॅक्स एकदा तरी आपोआप बंद पडतो.

धोका आहे. भरपूर आहे.

त्यांनी सोबत सगळा सोर्स पाठवला होता, त्यामुळे शोधाशोध फार करावी लागली नाही. लिस्पकडून आलेलं नाव उतरवून घ्यायला त्यांनी १६ बाइटचा बफर ठेवलाय (सीमधला बफर, इमॅक्समधला नव्हे) आणि त्याचा आकार सांगणारा एक पूर्णांक. दोन्ही स्टॅटिक, म्हणजे फंक्शन संपलं तरी पुढच्या खेपेपर्यंत जशीच्या तशी राहणारी. गावाचं नाव १६ बाइटपेक्षा मोठं कशाला असेल, हा हिशेब. तो रोमन लिपीत बरोबरच आहे. रोमनमधलं गडहिंग्लज दहा अक्षरांत बसतं, शेवटचा शून्य बाइट धरून अकरा.

देवनागरीत मात्र यूटीएफ-८ प्रत्येक वर्णाला, प्रत्येक मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्ताला तीन-तीन बाइट घेतं. नेसरी लिहायला न, एकारची मात्रा, स, र आणि दीर्घ ईकार असे पाच संकेत लागतात; म्हणजे १५ बाइट, आणि शून्य धरून नेमके १६. चंदगडचेही पाच संकेत, म्हणून तेही काठोकाठ मावलं. आजरा तर १३ मध्येच आटोपतं. गडहिंग्लजचे संकेत नऊ : ग, ड, ह, ऱ्हस्व इकार, अनुस्वार, ग, हलन्त, ल, ज. २७ अधिक एक, २८. त्यांनी नेसरीऐवजी निपाणी घेऊन सुरुवात केली असती तर पहिल्याच गावाला ठेच लागली असती, कारण निपाणीला १९ लागतात.

इथवर चूक साधी आहे. मजा पुढे आहे. ‘कॉपी-स्ट्रिंग-कंटेंट्स’ या फंक्शनला आपण आकाराचा आकडा देतो तो नुसता वाचायला नाही. आपण त्याचा पॉइंटर देतो, आणि फंक्शन त्या जागी स्वतःचं उत्तर लिहून ठेवतं. नाव मावलं तर किती बाइट उतरवले ते लिहितं. नाही मावलं तर किती लागले असते ते लिहितं, एरर नोंदवतं आणि ‘फॉल्स’ परत देतं. म्हणजे पहिल्यांदा गडहिंग्लज दिलं तेव्हा १६ खोडून तिथे २८ लिहिले गेले. दुसऱ्या खेपेला इमॅक्सने पाहिलं, बफर २८ बाइटचा आहे असं हे मॉड्यूलच सांगतंय. त्याने विश्वास ठेवून २८ बाइट ओतले. बफर होता १६ चाच. उरलेल्या १२ बाइटनी शेजाऱ्याचा बांध कोरला. त्या शेजारच्या जागेत काय होतं यावर इमॅक्स लगेच पडणार, संध्याकाळी पडणार की कधीच नाही, हे ठरतं. आजऱ्यानंतर आकडा १३ वर आला, म्हणून नेसरीला पुन्हा दारातच अडवलं. प्रत्येक लांब नाव पहिल्यांदा अडतं आणि दुसऱ्यांदा सुटतं, त्याचं रहस्य एवढंच.

रोमन नावं देऊन तपासलं असतं तर हे अडणं-सुटणं तिथेही दिसलं असतं, पण आकडा १६ च्या वर कधी गेलाच नसता आणि कुणाचा बांध कोरला गेला नसता. मॉड्यूल लिहिणाऱ्या प्रत्येकाने चाचणीची पहिली ओळ मराठीत लिहावी असं मी म्हणतो ते अभिमानापोटी नाही, ते याचसाठी.

त्यांच्या लॉगमध्ये आणखी एक गंमत सापडली. गडहिंग्लजच्या पहिल्या खेपेसमोर चक्क ‘चंदगड’ अशी नोंद आहे. एरर नोंदवली गेली तरी सीचं फंक्शन तिथल्या तिथे थांबत नाही. लिस्पमध्ये थांबतं तसं इथे होत नाही. एरर टांगून ठेवलेली असते आणि आपण लिस्पकडे परतलो की मग ती उघड होते. दरम्यान यांचं फंक्शन बफरमध्ये आधीपासून पडून असलेलं नाव घेऊन खुशाल तालुका शोधत होतं. परत आलेला ‘फॉल्स’ त्यांनी तपासलाच नव्हता. इमॅक्सला ‘मॉड्यूल-असर्शन्स’ हा पर्याय देऊन चालवलं तर मॉड्यूलच्या नियमांचे बरेच भंग पकडले जातात, पण खोटा आकार सांगितलेला त्यालाही ओळखता येत नाही.

आता दुरुस्ती. दोनदा द्यायची त्यांची युक्ती मुळात वाईट नाही, फक्त ती चुकीच्या बाजूला लागलीय. दोनदा विचारायचं ते सीच्या आत. पहिल्यांदा बफरच्या जागी ‘नल’ द्यायचं. मग काहीच उतरवलं जात नाही, एररही येत नाही, नुसतं किती बाइट लागतील ते कळतं. तेवढी जागा ‘मॅलॉक’ने मागायची, दुसऱ्या हाकेला नाव उतरवून घ्यायचं, काम झालं की ‘फ्री’. स्टॅटिक काही ठेवायचं नाही. दुरुस्त केलेलं मॉड्यूल तपासताना इमॅक्स नव्याने सुरू करा, कारण एकदा चढवलेलं मॉड्यूल उतरवायची सोय नाही. मी तर अशा चाचण्या ‘बॅच’ पर्यायाने वेगळ्या इमॅक्समध्येच करतो. पडला तर उघड्या फायलींना धक्का नाही.

परतीच्या वाटेवर हिशेब उलटा आहे. ‘मेक-स्ट्रिंग’ला लांबी सांगताना शेवटचा शून्य बाइट मोजायचा नाही. नेसरीसाठी १५ सांगा. १६ सांगितलेत तर नावाच्या शेवटी शून्य संकेत चिकटतो, आणि मग दिसायला तेच असलेलं नाव कुठल्याच तुलनेत जुळत नाही.

मग नेसरीची लांबी खरी किती? इमॅक्सचं ‘लेंग्थ’ पाच सांगतं, ‘स्ट्रिंग-बाइट्स’ १५ सांगतं, आणि शाळेतलं पोर तीन सांगेल : ने, स, री. गडहिंग्लजच्या बाबतीत नऊ, २७ आणि पाच. पोराच्या बाजूने इमॅक्समध्येही एक कळ आहे. ‘री’च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबा, फक्त ईकार जाऊन र उरतो; पण ‘री’च्या अलीकडून डिलीट दाबा, अख्खी ‘री’ जाते. २९ व्या आवृत्तीपासून ‘स्ट्रिंग-ग्लिफ-स्प्लिट’ हे डोळ्यांना दिसतील तसे तुकडे पाडून देतं. माझं मत विचाराल तर सीमध्ये अक्षरं मोजायला बसूच नये. मॉड्यूलमधून ‘फनकॉल’ करून इमॅक्सलाच विचारावं. त्याला हे आपल्यापेक्षा बरं कळतं.

बाइटला तीनने भागून अक्षरं काढणाऱ्यांसाठी जाता जाता एक. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, आणि २०२३ च्या इमॅक्स २९ मध्ये ती टाइप करायची सोयही झाली. मोडीचे संकेत ७११६८ पासून सुरू होतात, आणि ६५५३५ च्या पुढचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये चार बाइट खातो. म्हणजे मोडीतली नेसरी शून्यासकट २१ बाइटची. कोल्हापूरच्या पुरालेखागारातले रुमाल उद्या कुणी मोडीतच टाइप करायला घेतले, तर तीनचा भागाकार पहिल्याच गावाला तोंडघशी पडेल.

पुढच्या आठवड्यासाठी तयारी : जिंक्स पहिल्यांदा चालू करताना स्वतःचं मॉड्यूल स्वतःच कंपाइल करतं, तेव्हा सीचा कंपायलर, ‘पीकेजी-कॉन्फिग’ आणि एन्चँट लायब्ररीच्या हेडर फायली आधीच बसवून ठेवा. हनस्पेलचा मराठी शब्दसंग्रहही लागेल. फेडोरात तो ‘हनस्पेल-एमआर’ नावाने मिळतो. आणि ‘मॉड्यूल-फाइल-सफिक्स’ची किंमत एकदा बघून घ्या. ‘निल’ आली तर तुमच्या इमॅक्समध्ये मॉड्यूलची सोयच नाही. २७ व्या आवृत्तीपासून ती आपोआप असते; त्याआधीचा इमॅक्स असेल तर नवा घ्या, जुन्याशी झटापट करत बसू नका.